सेतुरावांचं बार्लीचं पाणी

तंजावुरात कॉफी जशी पितात तशी सेतुराव बिअर पीत. पितळी पेला आणि त्याखाली पसरट पितळी वाटी. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून धार सोडायची, थेंब न सांडता. फेस वर आला की मान तिरकी करून त्याच्याकडे कौतुकाने पाहायचं आणि मग ओठ न लावता वरून एक घोट सोडायचा. हे सगळं शनिवारी संध्याकाळी, तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, अख्ख्या गल्लीच्या देखत. येणारे-जाणारे विचारत, "काफी आच्चा?" झाली का कॉफी? सेतुराव गंभीरपणे मान डोलवत, "आच्चु, आच्चु."

मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. बँकेत बढती मिळाली आणि सांगलीहून थेट तंजावूर. घरात आई रडली, वडिलांनी नकाशा काढला. पण पहिल्याच दिवशी बँकेतल्या शिपायाने मला "तुमच्या भाषेचं घर" म्हणून सेतुरावांकडे आणून सोडलं आणि दारात एक पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "ये, बैस. मराठी ना तू? भ्यावयाचें कारण नाहीं." तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी, त्याला तमिळ हेल. मला हसू आलं आणि रडूही आलं.

या बाई म्हणजे अक्का, सेतुरावांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य येऊन माहेरी आलेल्या. अक्का आल्या, आईवडील गेले, आणि सेतुराव लग्नाचे राहून गेले. आता ते पन्नाशी ओलांडलेले, पाटबंधारे कचेरीत ड्राफ्ट्समन. कावेरीचा कुठला फाटा कुठल्या गावाच्या नारळीखालून जातो हे त्यांना पाठ. घरात मात्र बोलत नसत. अक्का वाढायच्या, ते जेवायचे, "पुरे" म्हणायचे. एवढंच.

अक्कांना ती पितळी पेल्यातली वस्तू बार्लीचं पाणी वाटे. सेतुरावांना कधीकाळी मूतखडा झाला होता आणि डॉक्टरांनी बार्लीचं पाणी सांगितलं होतं. "कितीक वर्षें पितो आहे बिचारा," अक्का मला सांगत, "खडा हालत नाहीं. तरी बरें, नेमानें पितो."

नेम तर खराच होता. शनिवारी कचेरी सुटली की सेतुराव बस स्टँडमागच्या ब्रँडी शॉपात जात. बाटली निघे ती नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या नळीतून. खांद्याला नळी अडकवून सायकलवरून येणारा ड्राफ्ट्समन पाहून कोणाला काय शंका येणार? घरी आल्यावर बाटली दोरीला बांधून विहिरीत सोडायची, गार झाली की न्हाणीघरात चंबूत ओतायची. मी मागच्या अंगाला राहत असल्यामुळे विहिरीचा सगळा कारभार मला दिसे. पहिल्यांदा दिसला तेव्हा सेतुराव दोरी धरून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "अम्मा, तुम्ही बँकेंत आहां. गुप्तता तुम्हांस शिकवावी लागत नाहीं."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलू लागले. विषय एकच, फेस. "माणसाचा फेस पाहावा. लगेच बसतो तो वरवरचा." आमच्या नव्या मॅनेजरांबद्दल त्यांचं मत, "फेस पुष्कळ, खालीं पाणी." ते उदारीकरणाचे दिवस होते. गल्लीत केबल आलं, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आला, ब्रँडी शॉपात दर महिन्याला नवी बाटली येऊ लागली. पेपरात कोणी लिही, देशाची दारं उघडली. सेतुराव म्हणत, "दारें उघडलीं असतील. तंजावुरांत बाटली उघडावयाची किल्ली मात्र अजून मिळत नाहीं." ते बूच खिळ्याने काढत.

मग नवरात्र आलं. अक्कांनी पायऱ्यांवर बाहुल्यांचा गोलू मांडला आणि मला म्हणाल्या, तुझ्या ओळखीची कोणी मराठी बाई असेल तर आण. माझ्या ओळखीच्या एकच होत्या, अंबुजाबाई. जवळच्या ओरत्तनाडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, पगाराच्या दिवशी बँकेत यायच्या. घराणं इथलंच, पण वडील मिलिटरीच्या हिशेब खात्यात असल्यामुळे वाढल्या बेंगळुरात. पंचेचाळिशीच्या, एकट्या, कडक इस्त्रीची सुती साडी.

नेमका शनिवार होता. सेतुराव तिण्णैवर बसून हातभर धार सोडत होते. अंबुजाबाई पायऱ्या चढता चढता थांबल्या. त्यांनी एकदा नाकाने हवा घेतली, एकदा पेल्याकडे पाहिलं.

"उंचावरून ओतूं नये," त्या हळूच म्हणाल्या. "प्राण जातो तिचा. पेला तिरपा धरून कडेनें सोडावी. ही काफी नव्हे."

आणि आत जाऊन त्यांनी अक्कांच्या हातचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची सुकी उसळ, घेतलं, बाहुल्यांची तारीफ केली, एक अभंगही म्हटला.

मी बाहेर आले तेव्हा सेतुराव पेला तिरपा धरून बसले होते. चेहरा, एखाद्याने आयुष्यभर काढलेला नकाशा उलटा टांगलाय असं कळल्यासारखा. "बाई खरें बोलली," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "अम्मा, ही बाई कोण?"

मी विचारल्यावर अंबुजाबाईंनी सांगितलेली गोष्ट साधी होती. मिलिटरीच्या कॅंटीनमधून आलेली बाटली वडील रविवारी दुपारी उघडत आणि मुलीला अर्धा पेला देत. वडील गेले, रविवारचा पेला राहिला. पण तंजावुरात बाईमाणूस ब्रँडी शॉपाच्या वाऱ्यालाही उभं राहू शकत नव्हतं. सुट्टीत बेंगळूरला गेल्या की साड्यांच्या घड्यांत दोन-चार बाटल्या घेऊन यायच्या, त्या पुरवून पुरवून, खिडक्या लावून घ्यायच्या.

हे मी सेतुरावांना सांगितलं. पुढच्या शनिवारी ते तिण्णैवर दिसले नाहीत. नकाशाची नळी खांद्याला लावून ते अंबुजाबाईंच्या घराकडे गेले होते.

मग हाच नेम झाला. अंबुजाबाईंच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या, दोन काचेचे पेले, मध्ये एका ताटलीत मुरुक्कु, म्हणजे तिकडची चकली. ते खिडक्या लावत नसत, गल्लीला दिसेल असेच बसत, फक्त पेले कुंड्यांच्या आड. मी एकदा-दोनदा गेले, लिंबाचं सरबत घेऊन बसले. घरात "पुरे" एवढंच बोलणारे सेतुराव तिथे वेण्णारू नदीला आलेल्या पुराची हकिकत सांगत होते आणि बाई मध्ये मध्ये त्यांना खोडून काढत होत्या. भांडणंही होत. सेतुरावांना कडू बिअर आवडे, बाईंना हलकी. "कडू म्हणजे उत्तम असें कोणी सांगितलें?" बाई विचारायच्या. "काढा पीत बसा मग." सेतुराव खुशीत हसायचे. त्यांना खोडून काढणारं माणूस कितीतरी वर्षांत भेटलं नव्हतं.

पण ड्राफ्ट्समन नळी घेऊन दर आठवड्याला एका बाईच्या घरी जातो याचा अर्थ गल्लीने आपल्या परीने लावला. अंबुजाबाई घर बांधणार! बसमध्ये लोक त्यांना विचारू लागले, जागा कुठे घेतली, विहीर काढणार की नळ घेणार. अक्काही अभिमानाने सांगत, "सेतु तिचा प्लान काढून देतो आहे. सोपें नाहीं. पुन्हां पुन्हां काढतो."

एका शनिवारी सेतुराव लवकर परतले आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. त्यांनी अंबुजाबाईंना लग्नाचं विचारलं होतं. बाईंचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं : "चोरून पितें, तें पुरे झालें. चोरून लग्न करणार नाहीं. आधीं अक्कांस सगळें सांगा. सगळें म्हणजे सगळें."

दोन-तीन दिवस त्यांनी काढले. मग संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात असताना ते दारात जाऊन उभे राहिले. आमच्यात एक पातळ भिंत, मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, तें बार्लीचें पाणी नव्हे. बीर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दारूच. सौम्य."

पळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अक्कांनी विचारलं, "आणि खडा?"

"खडा पडून गेला."

"केव्हां?"

"त्याच वर्षीं."

मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. आणि मग अक्कांचा आवाज आला, रागाचा मुळीच नव्हता.

"मग मी मंगळवार कोणासाठीं केले रे, सेतु?"

माझं हसू तिथेच थिजलं. अक्का मंगळवारी जेवत नसत हे मला ठाऊक होतं, का ते विचारलं नव्हतं. ते कशासाठी, हे सेतुरावांनाही ठाऊक नव्हतं. एका घरात, एका चुलीवर, इतकी वर्षं. लग्नाची गोष्ट त्यांच्या तोंडून निघालीच नाही.

त्यानंतर नळी खुंटीला लटकली ती लटकलीच. सेतुराव शनिवारी कचेरीतून सरळ घरी येत आणि जेवणाची वेळ होईपर्यंत विहिरीपाशी बसत. एकदा मी म्हटलं, "अगदीच सोडलीत की."

"चव कोणास एवढी कळते, अम्मा," ते म्हणाले. "पहिल्यानें मला कडूच लागे. पण बाटली मोठी. संपावयास वेळ लागतो. तेवढा वेळ बाहेर बसतां येतें, येणाऱ्या-जाणाऱ्यास 'आच्चु' म्हणतां येतें. काफी दोन घोटांत संपते. मग आंत जावें लागतें."

अंबुजाबाई एके दिवशी बँकेत आल्या. पगाराचा दिवस नव्हता. "तुमच्या घरमालकांस बरें नाहीं काय?" मी त्यांना मंगळवारांची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्या निघून गेल्या.

पुढच्याच मंगळवारी त्या अक्कांकडे आल्या. मीही तिथेच होते. अक्का जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्या दिवशीही उपाशी. खडा नाही तर नसो, व्रत मोडायचं नाही, असा त्यांचा हिशेब. अंबुजाबाई समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ घेतो ती वस्तू मीही घेतें. त्यांस मी बिघडवलें नाहीं, मजही कोणी बिघडवलें नाहीं. तें सांगावयास आलें."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हिला घालवतात. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"तो तुझ्याकडे बसतो तेव्हां बोलतो?"

"बोलतात. पुष्कळ."

"काय बोलतो?"

"कालवे. पूर. कचेरींतलीं माणसें. लहानपणीं तुम्ही त्यांस नदींत पोहावयास शिकवलें, तें."

अक्कांची माळ थांबली. "तें त्याला आठवतें?" त्या म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावला, उठल्या आणि अंबुजाबाईंसाठी पान मांडलं. स्वतः न जेवता, जवळ बसून, त्यांना आग्रह कर-करून वाढलं.

लग्नाची गोष्ट पुढे अक्कांनीच काढली, आणि ते एका लहानशा देवळात झालं. गल्लीला जरा वेळ लागला, पण अंबुजाबाईंचं घर कुठे होणार या प्रश्नाचं उत्तर एकदाचं मिळालं म्हणून लोक खूशही झाले. अक्कांची अट एकच होती : "माझ्या घरांत तें नको. गच्चीवर काय करतां तें मी पाहत नाहीं."

त्यामुळे शनिवारची बैठक गच्चीवर गेली. माझी सांगलीला बदली झाली त्याआधीच्या शनिवारी त्यांनी मलाही वर बोलावलं. ऊन कलत होतं, मोठ्या देवळाच्या कळसाभोवती पोपट फिरत होते. सेतुराव लहानपणी आमराईत पकडले गेल्याची गोष्ट सांगत होते, आणि तीही इतक्या मोठ्याने की शेजारच्या गच्चीवरच्या बाईने वळून पाहिलं.

"हळू बोला हो," अंबुजाबाई म्हणाल्या. "मी बहिरी नाहीं."

सेतुरावांनी जिन्याकडे बोट दाखवलं. मी वाकून पाहिलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून, अक्का शेंगा निवडत बसल्या होत्या. सूप मांडीवर, हात थांबलेले, मान किंचित वर.

सेतुरावांनी घसा खाकरला आणि आणखी थोडा आवाज चढवला. "मग काय झालें, राखणदार आला. आणि अक्का झाडावर."

"मी नव्हे, तूं झाडावर," जिन्यातून आवाज आला. "मी खालीं उभी होतें."