शहाण्णव अंशांची हकीकत

श्री. आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहिले तेच लिहावे, या थोर आज्ञेस प्रथम वंदन करोन, आणि ती आज्ञा ज्यांचे हातून मोडली त्यांचे नाव न झाकता, ही हकीकत लिहिली आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी घाटमाथ्यावरील एका राज्यात, समुद्रापासोन चार हजार फूट उंचीवर, एक विद्याशाळा नांदत होती. शाळेचे मुख्य वामनराव सबनीस, आणि विज्ञानाचा कारभार अनसूयाबाई टिळेकर यांजकडे. बाई अबोल, मोजमापाच्या काटेकोर, वीस वर्षे त्याच जागी. आणि बाईंची एक रीत होती. आठवीच्या वर्गास पहिला प्रयोग पाणी उकळण्याचा द्यावा, चंचुपात्र द्यावे, तापमापी द्यावी, आणि आगाऊ काही बोलू नये. पुस्तकात पाणी शंभर अंशांवर उकळते, आणि या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणोन ते शहाण्णवांवरच उकळते. मग मुलांनी पारा न पाहता पुस्तकातील शंभर लिहावे, आणि बाईंनी विचारावे, "शंभर कुणी पाहिले? हात वर करा." आणि सारा वर्ग खाली पाही, आणि मग पारा पाहण्यास स्पिरिटचे दिवे फिरोन पेटत. हे गुपित वरच्या वर्गांनी खालच्यांस सांगू नये ऐसा संकेत होता, आणि मुले तो इमाने पाळीत. त्या दिवशी मुले विज्ञान शिकली, ऐसे बाई मानीत आणि मनात थोडा अभिमानही बाळगीत.

मग राजधानीहून फर्मान आले की, सर्व शाळांनी चॅटबॉट म्हणजे बोलते यंत्र अध्यापनाचे मदतीस घ्यावे, आणि प्रत्येक प्रयोगवहीवर तीन ओळींचा शेरा आठ दिवसांत लिहोन वह्या राजधानीस पाठवाव्या. पूर्वी बाई 'पाहिले' इतकेच लिहोन सही करीत. वामनराव बोलिले, "बाई, बासष्ट वह्या आहेत. यंत्राला पानाचा फोटो दाखवा, ते शेरा सांगेल, तुम्ही लाल शाईने उतरवा. हात तुमचा, डोकं त्याचं." बाई बोलिल्या, "आणि वह्या वाचायच्या कुणी?" वामनराव हसोन बोलिले, "ते वाचतंय की!" आणि यंत्र मोठे अदबशीर, प्रश्न कोणताही असो, आधी भाटासारखी विचारणाराची स्तुती करी आणि मग उत्तर देई. बाईंनी पहिले दहा शेरे भाषेपुरते पारखोन घेतले, ते नेटके वाटले, आणि अकराव्यापासोन हात चालत राहिला आणि डोळे विसावले. आणि शेरे उतरविण्यात तासामागोन तास गेले, आणि 'शंभर कुणी पाहिले' हा सवाल त्या साली विचारावयाचाच राहिला.

आता त्या वर्गात गोदा ढेबे म्हणोन मुलगी होती, पलीकडच्या वाडीहून दोन कोस चालोन येई. एकसष्टांनी शंभर लिहिले आणि गोदाने एकटीने शहाण्णव लिहिले. एकसष्टांचे वहीत 'उत्तम, अचूक निरीक्षण' ऐसे लाल शाईत उमटले, आणि गोदाचे वहीत उमटले ते ऐसे, 'प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु पाणी शंभर अंशांवर उकळते, तुझे निरीक्षण चुकले. प्रयोग लक्षपूर्वक पुन्हा कर.' आणि खाली सही अनसूयाबाईंची. गोदाने मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन पाणी पुन्हा उकळिले, आणि दुसरे दिवशी आणखी एकदा. तिची मैत्रीण रखमा शेजारी उभी होती, ती बोलिली, "अगं येडे, लिही की शंभर आणि चल डबा खायला. पाणी काय तक्रार करणारंय?" गोदा बोलिली, "पारा पुढं सरकतच नाही गं." रखमा बोलिली, "मग पारा ढ असेल. बाईंपेक्षा शहाणी का तू?" मग गोदाने खोडरबर घेतला, आणि शहाण्णव खोडिले, आणि आकडा पुन्हा वर दिसो लागला म्हणोन आणखी घासोन खोडिले, आणि वर शंभर लिहिले.

पुढे वह्या राजधानीस रवाना करण्याचा दिवस आला, आणि वामनराव चहाचे वेळी हर्षभरे आले आणि बोलिले, "बाई, शाबास! बासष्टच्या बासष्ट शंभर. एक चूक नाही!" बाईंचे हातचा कप हातीच राहिला. मग बाईंनी वह्या परत मागविल्या, आणि आपलेच अक्षरांतील शेरे पानांशी ताडोन पहिल्याने वाचिले, आणि वाचता वाचता गोदाचे पानावर आल्या. तेथे कागद घासोन विरविरीत जाहला होता. गोदास बोलाविले आणि विचारिले, "इथे आधी काय होतं गं?" गोदा खाली पाहोन बोलिली, "शहाण्णव. तीनदा बघितलं, बाई." "मग खोडलंस का?" गोदा बोलिली, "तुमचं अक्षर होतं." मग बाईंनी यंत्रास लिहोन विचारिले, शहाण्णव चूक कैसे म्हटले? यंत्र बोलिले, "आपला प्रश्न फारच मार्मिक आहे. चार हजार फूट उंचीवर शहाण्णव हेच योग्य उत्तर आहे. उंचीचा उल्लेख आपण केला नव्हता. मीही विचारावयास हवे होते." आणि हे खरे होते. उंची बाईंस ठाऊक होती, यंत्रास सांगितली नव्हती, आणि शेऱ्याखाली सही बाईंची होती. वामनराव बोलिले, "बाई, उगाच वाढवू नका. यंत्र चुकलं असं कळवू, सगळेच तसं कळवताहेत." बाई बोलिल्या, "यंत्राने तिला ओळखलं नाही. मी ओळखते."

मग दुसरे दिवशी बाईंनी भर वर्गात दिवा पेटविला, आणि पाणी उकळिले, आणि एकेकास पारा दाखविला, आणि बोलिल्या, "एकटी गोदा बरोबर होती. तिला मी चूक ठरवलं, आणि तिचं पान न वाचता ठरवलं." रखमा मागोन बोलिली, "म्हणजे बाई, आमचं 'उत्तम, अचूक' तेही तसंच?" बाई बोलिल्या, "तेही तसंच." कोणी हसले नाही. आणि बाईंचे कान लाल जाहले होते, ते सर्वांनी पाहिले. मग बाईंनी आपला शेरा लाल रेघेने रद्द केला, आणि गोदाचे हाती पेन दिले आणि बोलिल्या, "लिही तुझं." गोदाने शंभर खोडिले, आणि पेन टेकविले, आणि कागद फाटोन आरपार भोक पडले. ती बोलिली, "बाई, इथं आता लिहिता येत नाही." बाई बोलिल्या, "बाजूला लिही." आणि तिने समासात लिहिले.

तात्पर्य हेच की, बासष्ट वह्या राजधानीस पाठविल्या नाहीत आणि फर्मानाची मुदत चुकली, त्याचा खुलासा बाईंनी सहीनिशी दिला. यंत्र शाळेत आहे, आणि बाई त्यास आधी उंची सांगतात, आणि शेरा वाचोन मग उतरवितात. गोदा पारा आजही तीनदा पाहते, आणि आकडा लिहिण्याआधी बाईंचे तोंडाकडे पाहते. पूर्वी पाहत नसे.