ओपलच्या डोंगरासाठी दुसरा एसी

माणूस निसर्गाच्या सान्निध्यात जातो तेव्हा निसर्ग नेमका किती अंतरावर ठेवायचा, हा प्रश्न त्याला सोडवावाच लागतो. पूर्व टेक्सासातल्या जाणकारांनी तो केव्हाच सोडवला आहे. तळ्याकाठी ट्रेलर लावावा, दारं-खिडक्या बंद कराव्यात, एसी सुरू करावा आणि पडदा किंचित सरकवून तळ्याकडे कौतुकाने पाहावं. (पडदा फार सरकवू नये. ऊन येतं.)

व्हर्लिन स्टेगॉल हा या शास्त्राचा निष्ठावंत अनुयायी होता. जन्मभर त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि त्याच्या बायकोने, ओपलने, त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं आणि गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेतला: पुढे झोपायची खोली, मागे बसायची, मधे ओटा, आणि बसायच्या खोलीच्या छतावर एक एसी. हे सगळं ओपलपायी झालं होतं. तिला ऑगस्टमध्ये स्वेटर घालायचा होता. टेक्सासात ऑगस्टमध्ये स्वेटर घालणाऱ्याला घरचे लोक डॉक्टरकडे नेतात, त्यामुळे कोलोराडोच्या डोंगरात जाणं भाग होतं. भट्टीसमोर उभं राहून काढलेल्या सगळ्या उन्हाळ्यांत तिने एवढा एकच हट्ट जपला होता. व्हर्लिनने शब्द दिला होता आणि स्वेटरही विणून तयार होता.

वाटेत विश्रांतीला म्हणून ते तळ्याकाठच्या पेलिकन कोव्ह नावाच्या ट्रेलर-तळावर थांबले. दोन-तीन दिवस, फार तर चार.

पहिल्याच रात्री झोपायच्या खोलीत उकडलं. मागच्या एसीची गार हवा ओट्यापर्यंत यायची आणि तिथेच दमून बसायची. सकाळी ओपल म्हणाली, "व्हर्लिन, आपल्या घराला चाकं आहेत. इथे उकडतंय, तिकडे गार आहे. चल ना, निघू या."

"निघायचंच आहे गं," व्हर्लिन म्हणाला. "पण असं उकडत असताना कसं निघायचं? आधी दुसरा एसी बसवतो, मग आरामात जाऊ."

या युक्तिवादात ज्याला खोट दिसते तो माणूस टेक्सासचा नाही, असं समजावं. उकाड्यापुढून पळ काढणं तिथे कमीपणाचं मानतात, मग पळायला चाकं का असेनात.

पेलिकन कोव्हवर एक रिवाज आहे. कुणी ट्रेलरला शिडी लावली की तळावरचे सगळे निवृत्त पुरुष आपापली घडीची खुर्ची आणि बर्फात घातलेली बिअर घेऊन येतात आणि शिडीच्या पायथ्याशी अर्धगोल करून बसतात. बोलावणं लागत नाही. मदत करणं असभ्य समजलं जातं. सल्ला देणं हे मात्र कर्तव्य. अध्यक्षस्थानी डेल्मर प्रुइट असे. त्याने आयुष्यभर विमा विकला होता, त्यामुळे काय काय बिघडू शकतं याचं त्याला सखोल ज्ञान होतं.

"झोपायच्या खोलीच्या छतातला झरोका काढून टाक," डेल्मरने खालून फर्मावलं. "त्याच भोकात एसी बसव. आयतं भोक आहे."

"मग वारा कुठून यायचा?" ओपलने दारातून विचारलं.

"ओपलबाई, तुम्हाला वारा हवाय की गारवा? एक काय ते ठरवा."

सभेने माना डोलावल्या. झरोका गेला, एसी बसला, आणि त्याच्या वजनाने छतही थोडं बसलं. फार नाही, आतल्या कपाटाचं दार उघडेनासं झालं एवढंच. (कपाटात ओपलचे डोंगर चढायचे बूट होते. त्यांची तशी घाई नव्हती.)

आता प्रश्न उरला विजेचा. ट्रेलरशेजारच्या विजेच्या खांबाची ताकद जेमतेम दोन एसींपुरती होती. दोन्ही लावले आणि तिसरं काही सुरू केलं की खांबातला खटका पडे आणि सगळंच बंद. खचून जाण्याऐवजी व्हर्लिनने नियमावली घालून दिली. कॉफी करू इच्छिणाऱ्याने प्रथम मोठ्याने "कॉफी!" असं पुकारावं. दुसऱ्याने आपल्या बाजूचा एसी बंद करून "झाला!" असं कळवावं. उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावू नये. केस वाळवायचे असल्यास आदल्या दिवशी कल्पना द्यावी. पाव भाजण्याचा विषय विचाराधीन ठेवण्यात आला. एका पाहणीनुसार (पाहणी डेल्मरची, खुर्चीत बसून) दोन एसी असलेली जोडपी एक एसी असलेल्यांच्या तिप्पट बोलतात. त्यातलं बरंचसं बोलणं एका शब्दाचं असतं, पण एवढी वर्षं संसार झाल्यावर तेही थोडं नाही.

तरी व्हर्लिनचं समाधान होईना. तळाच्या एका कोपऱ्यात मोठ्या ताकदीचे खांब होते. तिथल्या जागा फक्त वर्षाच्या कराराने मिळत आणि एकदा मिळालेली जागा कुणी सोडत नसे. अशा एका जागेवरचे म्हातारबाबा त्याच आठवड्यात मुलीकडे राहायला गेले, आणि डेल्मरने शब्द टाकून ती जागा व्हर्लिनला मिळवून दिली. व्हर्लिनने ट्रेलरमधली सगळी वायर बदलली. त्या दुपारी बाहेर पारा (तिकडचा, फॅरनहाइटमधला) शंभरी ओलांडून गेला होता आणि आत दोन्ही एसी एकदम, न पुकारता चालू होते. व्हर्लिनचा ऊर भरून आला.

त्याने ओपलला हाताला धरून झोपायच्या खोलीत नेलं. आत हुडहुडी भरेल असा गारठा होता. पलंगावर तिचा स्वेटर घडी घालून ठेवलेला होता आणि समोरच्या भिंतीवर बर्फाच्छादित डोंगराचं मोठं कॅलेंडर लावलेलं होतं. एसीच्या वाऱ्याने डोंगर जरा फडफडत होता.

"घाल," व्हर्लिन म्हणाला. "ऑगस्ट आहे."

ही चेष्टा नव्हती. त्याचं बायकोवर प्रेम होतं आणि यापेक्षा चांगल्या तऱ्हेने ते त्याला दाखवता येत नव्हतं. ओपलला ते कळलं, म्हणूनच तिला रडू आलं. तिने स्वेटर घातला, ती पलंगाच्या कडेला बसली आणि नाक पुसत म्हणाली, "छान झालंय रे. आता निघू या?"

"कुठे?"

"डोंगरात."

व्हर्लिन चपापला. "अगं, तिकडे जंगलातल्या तळांवर वीजच नाही. दुसरा एसी चालायचा कसा?"

"तिकडे एसी लागतच नाही."

"मग हा बसवला कशाला?"

शिवाय कराराची जागा होती. सोडली तर परत मिळणार नव्हती, आणि अशा जागेशिवाय दोन एसीचा ट्रेलर म्हणजे केवळ छत बसलेला ट्रेलर.

शेजारी ग्वेन टॅकेट नावाची विधवा राहायची. ती आपल्या जुन्या पिकअपच्या छप्पर घातलेल्या मागच्या भागात गादी टाकून झोपे. तिच्याकडे एसी एकही नव्हता, म्हणून तळावरचे लोक तिला मागासलेली समजत. तिला ओपल म्हणाली, "मला डोंगर बघायचाय." ग्वेन म्हणाली, "मग बस की गाडीत."

निघायच्या सकाळी ओपलने विचारलं, "येतोस? तिघं मावतील."

व्हर्लिनला जावंसं वाटलं, फार वाटलं. तो पिकअपच्या दारापर्यंत गेलाही. पण अर्धगोल तोवर जमला होता आणि डेल्मरने खुर्चीतून आठवण करून दिली की बंद एसीत आठवडाभरात बुरशी धरते.

"या एसींकडे कुणीतरी बघायला हवं ना," व्हर्लिन ओपलला म्हणाला. ती त्याच्या गालाला हात लावून गाडीत बसली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "इथे सकाळी गवतावर दव असतं, व्हर्लिन. दोघी खिडकी उघडी टाकून झोपतो."

"उघडी?" व्हर्लिन काळजीने म्हणाला. "अगं, गारवा सगळा बाहेर जाईल."

"गारवा बाहेरच आहे रे."

मग तिने सांगितलं की ग्वेन आणखी उत्तरेला, मोंटानाला जायचं म्हणतेय आणि आपणही तिच्याबरोबर जावं असं आपल्याला वाटतंय. परत कधी येणार, ते तिने सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

व्हर्लिन आता दोन्ही खोल्या गार ठेवून एका खोलीत बसतो. या कथेतून बोध घ्यायचाच असेल, तर तो टेक्सासच्या लोकांविषयी घेण्याची घाई करू नये. तुमच्या घरात मागच्या वेळी कुणीतरी "कुठेतरी जाऊ या ना" म्हणालं होतं, तेव्हा तुम्ही काय विकत आणलंत, तेवढं आठवून पाहावं. हप्ते अजून चालू असतील तर आठवणं सोपं जाईल. म्हणालं कोण होतं, ते आठवायला कदाचित थोडा वेळ लागेल.