शून्य-जोखीम ले-आउट

मारेगावच्या शिवेवरच्या नव्या ले-आउटमध्ये भीमसिंग राठोड आणि निवृत्त मुख्याध्यापक पुंडलिकराव यांची घरं शेजारी शेजारी उभी आहेत. मिस्त्री एक, नकाशा एक, मधली भिंतही एकच. असं असताना पुंडलिकरावांच्या घराचा विमा वर्षाला एकोणीसशे रुपयांत निघतो आणि आपल्याला मात्र चार हजार तीनशे पडतात, हे कळलं त्या दिवशी भीमसिंगला जेवण गेलं नाही. पैशाचं त्याला विशेष नव्हतं. पण उभ्या ले-आउटात आपलं घर अधिकृतरीत्या कमअस्सल ठरलं, ही गोष्ट त्याच्या जिवाला लागली.

"भिंत एक हाय," तो विमा एजंट विक्कीला म्हणाला. "इकून पेटली त तिकूनबी पेटनच न? मंग मलेच काहून डबल?"

विक्की तीन कंपन्यांचं काम एकट्यानं पाहायचा, त्यामुळे त्याला कोणत्याच प्रश्नाचं आश्चर्य वाटत नसे. "काका, घर सारखं हाय, जोखीम सारखी नाही. ह्या कंपनीले तुमच्या बैठकीत कापूस दिसते."

दिसणारच. भाव चढेपर्यंत कापूस बैठकीत भरून ठेवायची पद्धत भीमसिंगच्या आज्यापासूनची. दिवाळी सरली की घरातला सोफा गडप व्हायचा आणि पाहुणे ढिगाला टेकून चहा प्यायचे.

"मंग दुसरी कंपनी पाह्य."

"दुसरीले कापूस चालते. पण आगीचा बंब बाहेरगावाहून येते, म्हणून साडेचार हजार. तिसरीचे पाच. आपल्या पिनकोडात मागच्या साली एक घर पुरात गेलतं."

"ते नदीकाठी होतं. इथं आम्हाले प्यायले पाणी नाही."

"पिनकोड तोच हाय न, काका."

भीमसिंगनं शांतपणे विचार केला. बंब जवळ आणणं त्याच्या हाती नव्हतं आणि नदीला वेगळा पिनकोड देणंही. हाती होता तो फक्त कापूस.

"अन् कापूस ठेवाचा कुठी?" त्याची बायको धनीबाई म्हणाली. "माह्या डोक्यावर?"

विक्कीनं ओळीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं इंदूबाईच्या टिनाच्या दोन खोल्या होत्या. ले-आउट पडायच्या आधीपासून ती तिथं राहत होती आणि शिलाई मशीनवर अख्ख्या ओळीची झंपरं, परकर शिवत होती. "इंदूबाईच्या घराचा विमाच नाही," विक्की म्हणाला. "विमा नाही त फाइल नाही. फाइल नाही त जोखीमबी नाही."

"अन् पेटलं त?"

"त्याची कंपनीकडं नोंदच होत नाही, काकू."

इंदूबाई भली बाई. "ठेवा न भाऊ, दोन-चार महिन्याचा त सवाल हाय," म्हणाली आणि एक खोली रिकामी करून दिली. सर्व्हेवाला आला, भीमसिंगच्या बैठकीत त्याला सोफा दिसला आणि दर उतरला तो थेट अठराशे पन्नासवर. पुंडलिकरावांपेक्षा पन्नास रुपयांनी कमी. त्या दिवशी भीमसिंगनं पेढे वाटले.

पेढे वाटायला नको होते. आठवड्याभरात ओळीतल्याच डोमाजीनं आपला कापूस इंदूबाईकडे हलवला, शिवाय फवारणीचं औषध. मग कोणी पंपाचं डिझेल आणलं, कोणी जादाचं सिलिंडर, कोणी चुलीसाठी साठवलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. पुंडलिकरावांकडे धोकादायक असं काहीच नव्हतं. तरी मागे राहू नये म्हणून त्यांनी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पाठवली. इंदूबाईनं मशीन बाहेर लिंबाखाली घेतलं आणि चूल त्याच्याही पलीकडे.

सर्वांचे दर उतरले. विक्कीच्या पहिल्या कंपनीनं ले-आउटला 'शून्य-जोखीम वसाहत' असं मानपत्र दिलं. कार्यक्रमाला मंडप होता, बॅनरवर बावीस घरमालकांचे फोटो होते. इंदूबाईचा नव्हता, कारण ती लाभार्थी नव्हती.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या नोटिसा आल्या. सगळ्यांना सारखाच दर, नऊ हजार चारशे. सर्व्हेवाला या खेपेला ओळीच्या टोकापर्यंत गेला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'लगतच्या घरात कापूस सत्तर क्विंटल, सिलिंडर अकरा, डिझेल, कीटकनाशक. सदर रहिवासी अत्यंत बेजबाबदार.'

पुंडलिकरावांच्या बैठकीत सभा भरली. एवढा स्फोटक साठा घेऊन एक बाई आपल्या सगळ्यांच्या लेकराबाळांमध्ये राहते, यावर सर्वांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. तिला तिथून हलवावं, असा नगरपंचायतीच्या नावानं अर्ज तयार झाला.

"भाऊ, माल तुमचाच हाय," दारात उभी राहून इंदूबाई म्हणाली. "आपापला घेऊन जा न. झगडाच मिटला."

पुंडलिकरावांनी तिला वर्गात समजावतात तसं समजावलं. माल घरी नेला की ज्याचा त्याचा दर वाढणार, म्हणजे प्रश्न सुटत नाही, फक्त तो बावीस घरांत वाटला जातो.

अर्ज फिरत फिरत भीमसिंगपर्यंत आला. त्याला लाज वाटली, अगदी खरोखर वाटली. त्याच्या अंगातली बंडीही इंदूबाईनंच शिवलेली होती. त्यानं सभेला आलेल्या विक्कीला हळूच विचारलं, "नाही सही केली त?"

"नऊ हजार चारशे."

"अन् केली त?"

"जुनाच. अठराशे पन्नास."

भीमसिंगनं सही केली. मग इंदूबाईकडे न पाहता, पण मनापासून, तो म्हणाला, "बाई, जिथं जासान तिथं पयले घराचा विमा काढून घेजा."

महिन्याभरात त्या टिनाच्या खोल्या रिकाम्या झाल्या. कापूस आणि सिलिंडरं तिथंच आहेत, पण आता तिथं कोणी रहिवासी नसल्यानं कंपनीच्या लेखी ते घरच उरलेलं नाही. बावीसही घरांचे दर उतरले आहेत.

वाचकहो, तुमच्या घराचा हप्ता यंदा कमी आला असेल, तर अभिनंदन. सवड झाली तर फक्त एकदा बघून या, तुमच्या ओळीच्या टोकाला कोण राहत होतं.