खैरनारकाकांची खालची टाकी

लाइट गेली की आमच्या बिल्डिंगमध्ये आधी शिव्या ऐकू यायच्या आणि मग जिन्यावरून अनवाणी पावलांचा आवाज. बेल बंद, म्हणून कडी वाजायची. दारात वरच्या मजल्यावरचे खैरनारकाका. हातात बॅटरी, आणि तिचा झोत आमच्या तोंडावर नाही, छतावर.

"टिपकतंय का?"

"नाही हो काका."

"नीट बघा. पंख्याच्या वाटीपाशी?"

"नाही टिपकत."

"मग बरं." की निघाले. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. चहा नाही, पाणी नाही. पाणी तर नाहीच नाही!

ही भारनियमनाच्या काळातली गोष्ट. इंदिरानगरात लाइट रोज जायची, त्यामुळे काकाही रोज यायचे.

काका मूळचे सटाण्याकडचे. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी गेली, जन्मभर कालव्यांना पाणी सोडलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "बदल्यांमध्ये राहून गेलं" म्हणायचे, एखादी छत्री राहून जावी तसं. मालवणला बदली असताना त्यांनी ओहोटीला पाण्याखालचा रंगीत खडक पाहिला आणि तो डोक्यातच बसला. निवृत्त झाल्यावर तसला समुद्र आपल्या हॉलमध्ये करायचा, असं त्यांनी ठरवलं.

आता नाशकात समुद्र कुठून यायचा? तर वाशीला भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून. काका द्वारका चौकात उभे राहायचे आणि खाऱ्या पाण्याचे कॅन रिक्षात घालून घरी आणायचे. बाबा म्हणायचे, "जग इथं गंगा-गोदावरीचं पाणी न्यायला येतं, आणि हा पठ्ठ्या इथं खारं पाणी आणतोय!"

काकांना काय विचारायची सोय नव्हती. माशांबद्दल विचारलं तर ते पाइपांबद्दल सांगायचे. "बिल्डिंगला कशी वरची टाकी आणि खालची टाकी असते? तसंच. वरच्या काचेच्या टाकीत मासे. तिचं पाणी पाइपानं खालच्या टाकीत उतरतं, तिथं गाळलं जातं, पंप ते पुन्हा वर चढवतो. लोक वरची बघतात. खरी अक्कल खालच्या टाकीत असते." वर आणखी त्यांचं ब्रह्मवाक्य: "आधी जागा, मग पाणी." हे ते कुठंही लावायचे. सत्यनारायणाला दुसरा लाडू आग्रहानं वाढला की पोटावर हात ठेवून म्हणायचे, "आधी जागा!"

आणि नेमकं हेच त्यांनी एकदा पाळलं नाही.

त्या संध्याकाळी मनमाडहून मला बघायला मंडळी आली होती. लाइट जायच्या आत पोहे आटपायचे, असा आईचा बेत. पण मंडळींना उशीर झाला. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि लाइट गेली. आईनं मेणबत्ती लावली. मुलाच्या वडिलांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "छान झालेत, पण मीठ जरा सढळ पडलंय."

आईचा चेहरा बघवेना. तिचे पोहे म्हणजे आळीत नाव! त्यांनी दुसरा घास घेतला. "अं... बरंच पडलंय." तिसऱ्या घासाआधी त्यांच्या टकलावर टप्प झालं. त्यांनी वर बघितलं. आम्हीही बघितलं. आमच्या छतातून समुद्र टिपकत होता.

काकांनी त्याच दिवशी नवी टाकी पहिल्यांदा चालवली होती. उत्साहाच्या भरात खालची टाकी काठोकाठ भरलेली. पंप चालू होता तोवर सगळं झकास. लाइट गेली, पंप थांबला आणि वर चढलेलं पाणी त्याच नळीनं उलटं खाली आलं. खालच्या टाकीत जागा नव्हती, मग ते आमच्याकडे आलं.

मंडळी गेली. लग्न जमलं नाही. पण ते काही पाण्यानं मोडलं नव्हतं. मुलगा म्हणाला होता की लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडावी लागेल, आणि मी त्याच रात्री बाबांना सांगितलं, हे स्थळ मला नको. आता पोरीनंच नकार दिला हे नातेवाइकांत कोणत्या तोंडानं सांगायचं? आईला आयतं कारण वर राहत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं काकांना जिन्यात गाठलं.

"तुमच्या पाण्यानं माझ्या पोरीचं जमत आलेलं मोडलं!"

चारी मजल्यांची दारं उघडली. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात ओलं फडकं घेऊन उभे. ते फक्त "चुकलं" म्हणाले. मी दाराआड होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

"आई, खरं सांग ना त्यांना."

"सांगेन राग उतरला की." स्थळाचा राग उतरला. पोह्यांचा काही उतरेना.

तेव्हापासून काका रोज खाली येऊ लागले. नजर छताला, कारण आमच्या नजरेला नजर देववत नव्हती. वर त्यांनी हॉलच्या फरशीवर खडूनं नवी आखणी केली होती, ती मी गच्चीवर जाता-येता बघायची. आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत समुद्र होता. मग खालची टाकी वाढत गेली आणि समुद्र आटत गेला. शेवटी खालच्या बाजूला, गच्चीवर असते तसली काळी, भलीमोठी टाकी, आणि तिच्या वर टीव्हीएवढी काच. काचेत एक खडक, दोन पट्टेरी मासे.

"काका, मासे दोन आणि टाकी एवढी?"

"सगळं पाणी उलटं आलं तरी खालीच मावलं पाहिजे. एक थेंब तुमच्याकडे यायला नको." टाकीपुढं खोलीत पथारीलाही जागा उरली नव्हती, म्हणून काका स्वतः पॅसेजमध्ये झोपत होते.

पुढं दोनेक वर्षांनी माझं लग्न ठरलं, शाळेतल्याच एका सरांशी. संध्याकाळी लाइट गेली, कडी वाजली.

"टिपकतंय का?"

आईनं पत्रिका पुढं केली. "काका, लग्नाला यायचं हं."

काकांनी पत्रिका कपाळाला लावली, पण मान हलवली. "मी लांबूनच अक्षता टाकीन. माझा पायगुण माहीत आहे तुम्हाला. एकदा माझ्यामुळे..."

मी आईकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती. "काका," मी म्हणाले, "तुमच्यामुळे काही झालं नव्हतं. नकार मीच दिला होता."

"पाण्यानं नाही मोडलं?"

"नाही."

मेणबत्तीच्या उजेडात पहिल्यांदाच त्यांनी आमच्याकडे बघितलं. आधी चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला. त्यांनी बॅटरी विझवली.

"म्हणजे मग... आता मला रोज खाली यायचं काही कारण नाही."

लाजेनं माझे कान तापले. इतकी वर्षं हा माणूस दारात उभा होता आणि आम्हाला वाटत होतं, तो छत बघायला येतो.

आईनं त्यांच्या हातातली बॅटरी घेतली, पेटवली आणि झोत पंख्यापलीकडच्या कोपऱ्यावर धरला.

"ते बघा. तिथं ओल दिसतेय मला."

मी बघितलं. छत कोरडं ठणठणीत होतं. काकांनीही बघितलं. जन्म पाण्यात गेलेला माणूस, त्यांना ओल कळत नव्हती असं थोडंच आहे?

"हो," ते म्हणाले. "आहे थोडी. रोज बघावी लागेल."

"मग आत येऊन बघा की. मी पोहे टाकते."

आणि काका उंबरा ओलांडून आत आले.