तुमच्या मजल्यावरची पसंती

शिवदासने मोबाइलवर 'सुरमई' असं टाइप केलं आणि घराचं दार नीट बंद आहे ना, ते उठून पाहिलं. अंधेरीच्या 'निर्मळ सदन'मध्ये मासे शोधायचे म्हणजे आधी कडी लावावी लागे. भाड्याने घर घेताना 'मांसाहार आढळल्यास जागा तात्काळ सोडू' या ओळीखाली त्याने सही केली होती. बायको रोशनी ज्या हॉस्पिटलात नर्स होती, ते इथून चालत जाण्याच्या अंतरावर. हे घर गेलं की पुन्हा भांडुप, आणि रोशनीच्या सासूचं राज्य. म्हणून दोघं जपून खात. वर्सोव्याच्या कल्पिताताईंची स्वतःची वेबसाइट होती आणि त्यांचे मासे औषधांच्या पिशवीतून घरपोच येत.

सुरमईचे तुकडे स्क्रीनवर आले. त्यांच्या शेजारी आज एक नवीन गुलाबी चौकट होती. 'तुमच्या मजल्यावरची पसंती : ताजे बोंबील! तुम्हीही मागवा!'

"रोशनी, तू बोंबील मागवलेस?"

"वेडा आहेस का? तळले तर वास तळमजल्यापर्यंत जाईल. जानकीकाकू सामान रस्त्यावर काढतील आपलं."

जानकीकाकू म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षा. बंद दाराआडचं ऑम्लेट त्यांनी जिन्यावरून ओळखलं होतं, आणि ते ऑम्लेटवाले आता मीरा रोडला राहत होते.

मजल्यावर घरं दोनच. समोरचं बळवंतरावांचं. बळवंतराव दिवाळीनंतर वारले, मुलगा परदेशात, घर तेव्हापासून बंद. त्याने कल्पिताताईंना फोन लावला.

"ताई, ही बोंबलांची जाहिरात मलाच का दिसते?"

"नवीन सोय आहे दादा, भाच्याने केलीय. तुम्ही काही शोधलंत की आजूबाजूचे लोक काय घेतात ते बाजूला दिसतं. झकास ना?"

"पण आजूबाजूला घेतं कोण?"

"तुमच्या समोरचेच की. बळवंतराव. दर बुधवारी, न चुकता."

"अहो, ते वारले!"

 कल्पिताताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "पिशवी दारात ठेवा, बेल वाजवू नका, असं लिहिलेलं असतं खरं. पण गिऱ्हाईक चांगलं आहे हो."

रोशनीने ऐकलं मात्र, ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. "आत्मा अडकलाय त्यांचा. दहाव्याला कावळा किती वेळ शिवत नव्हता, आठवतं? इच्छा राहिलीय."

"मागवतायत ना दर बुधवारी? मग पुरी होतेय की!"

"मागवतायत रे, पण तळणार कोण? भूत काय गॅस पेटवणार?"

 पुढच्या बुधवारी त्याने पुन्हा वेबसाइट उघडली. त्याने नुसतं 'कोलंबी' लिहिलं, तर बाजूला चौकट हजर : 'शेजाऱ्यांचा बेत ठरला. तुमचा?'

 बळवंतरावांचा बंदोबस्त केला नाही, तर ही चौकट उद्या अख्ख्या इमारतीला मजला सांगत सुटेल. त्याने बोंबील मागवले. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, धूप पेटवला. रोशनीने बोंबील रव्यात घोळवून तळले. दुपारची इमारत चिडीचूप होती. शिवदासने ताटली समोरच्या दाराशी ठेवली आणि हात जोडले.

"बळवंतराव, गोड मानून घ्या. आणि आमचा मजला तेवढा जाहिरातीत आणू नका."

दाराच्या आत चपला सरकल्यासारखा आवाज झाला. शिवदास घरात कसा पोचला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी शिवदासच्याच उंबऱ्यापाशी ताटली परत आली होती. स्वच्छ घासलेली, वर चमचाभर साखर.

"घेतला! नैवेद्य घेतला!" शिवदास दोन पावलं मागे सरकला.

रोशनी ताटलीकडे बघत राहिली. "शेजाऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये म्हणून साखर घातलीय यात. बळवंतरावांनी आपला डबा कधी धुऊनसुद्धा दिला नव्हता. हे बाईमाणसाचं काम आहे." आणि शिवदास नको नको म्हणत असताना तिने समोरची बेल दाबली.

दार उघडलं. हातात उलथनं घेऊन जानकीकाकू उभ्या होत्या.

"आत या. आणि आधी दार लावा."

शिवदासला भूत परवडलं असतं.

"रवा जाड होता," काकू म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. "मी वेंगुर्ल्याची. सासरी कांदासुद्धा चालत नाही. बळवंतराव मागवायचे, मी इथे येऊन तळायचे. ते गेले, त्यांचा टॅब राहिला; त्यावरूनच मी मागवते आणि तुम्ही दोघं कामावर गेलात की तळते. किल्ली सोसायटीकडे, म्हणजे माझ्याकडे." त्यांचे डोळे भरून आले. "एकटीने खाताना घास फिरतो गं तोंडात. पण बुधवार मोडवत नाही."

रोशनीने त्यांचा हात धरला. शिवदासलाही वाईट वाटलं, पण घराचा विचार त्याहून मोठा होता. "काकू, मग आमचं काय?"

"तुमच्या तळणाचा वास खालपर्यंत गेलाय. सगळ्यांच्या तक्रारी आल्यात. कारवाई तर होणार. नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी इमारत त्या मजल्यावर जमली. काकू पुढे, हुंगत हुंगत. शिवदासच्या दारापाशी त्या थांबल्या. रोशनीने मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली. मग काकू वळल्या आणि समोरच्या दारावर त्यांनी नोटीस चिकटवली : 'मांसाहार केल्याबद्दल बळवंतराव यांना सक्त ताकीद.'

"पण काकू," पहिल्या मजल्यावरचा नितेश चाचरत म्हणाला, "ते तर वारले ना?"

"म्हणून तर नुसती ताकीद दिली."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्याने जिना उतरायला सुरुवात केली. त्यानंतर वास कितीही आला तरी त्या मजल्यावर तक्रार घेऊन कोणी चढलं नाही.