नानांचं चपलांचं पोतं

रंगनाथनाना माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते खांद्यावर पोतं टाकून. नव्या डॉक्टरला कुणीतरी ज्वारी आणून देतंय असं वाटून माझा जीव सुखावला. नानांनी पोतं ओसरीवर उपडं केलं आणि त्यातून चपला पडल्या. सात जोड. पुरुषांच्या, बायकांच्या, एक अंगठा तुटलेली, आणि लहान लेकराची शिट्टी वाजणारी सँडल.

"डॉक्टरसाहेब, कावून रिकामे बसलात?" नाना म्हणाले. "पाटी तुमची लई चांगली हाय. पर माणूस पाटी वाचत न्हाई. माणूस चपला मोजतो."

तलवाड्यात दवाखाना टाकून मला दीड महिना झाला होता. तोवर दोघंच जण आत आले होते. एकाला पोस्टाचा रस्ता हवा होता आणि दुसऱ्याला सायकलचा पंप. लोक दारापर्यंत यायचे, मोकळी ओसरी बघायचे, 'इथं कुणीच नाही म्हणजे काहीतरी गडबड असणार' असा चेहरा करायचे आणि पलीकडच्या जुन्या डॉक्टरांच्या गर्दीत जाऊन दोन तास उभे राहायचे. बायकोने बजावून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बीडला परत.

नाना माझ्या गल्लीतलेच. गेवराईच्या एका कापडदुकानात त्यांनी गादीवर बसून उभा जन्म कापड दाखवलं. गादी म्हटली की गिऱ्हाईक चपला बाहेर काढणार. सकाळी दुकान उघडलं की शेठ आधी चार जुने जोड पायरीवर मांडायला लावायचे आणि मग उदबत्ती. नानांना जगाचं सगळं ज्ञान त्या पायरीवर मिळालं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं पोतं जमवलं. मंगल कार्यालयात लग्न उरकलं की दोन-चार जोड मागे उरतातच, ते नाना उचलून आणायचे.

मी नको म्हटलं. डॉक्टर झालो ते काय चपला मांडायला? नानांनी ऐकलं नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी मांडणी सुरू केली. "लेकराची सँडल बाईच्या चपलेला खेटून ठिवायची. म्हाताऱ्याचा जोड भिंतीला धरून. आन एक जोड तिरका पायजे, घाईत काढल्यावानी. समदे सरळ दिसले की लोकाला संशय येतो."

तिसऱ्या दिवशी पहिला पेशंट आला. त्याच्या चपला बघून दुसरा. आठवड्याभरात ओसरी भरली आणि माझं डोकं उठलं. कारण नाना आता रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे ते दुपारी जेवायलाच उठायचे. लोकांना ऐकू जाईल असं बोलायचे. "इथं टाइम लागतो बरं का. नीट बघतेत." कुणी शिंकलं की, "धा दिवसाखाली मी असाच शिंकत होतो. आता बघा!" नानांना मी एक गोळीसुद्धा दिलेली नव्हती.

एक म्हातारी तासभर रांगेत बसून आत आली. काय होतंय विचारलं तर म्हणाली, "मला कुटं काय झालंय? समदी गल्ली येऊन गेली, म्हणून आले. बघा काही निघतंय का." एकीला अशक्तपणासाठी सलाईन लावलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या तिघी आल्या. "तिला बाटली आन आमाला गोळ्या कावून?" मी तासभर समजावलं. तिघी रुसून गेल्या आणि पलीकडे जाऊन बाटली लावून आल्या. पाच वर्षं वैद्यकी शिकलो, पण असल्या रोगाचा धडा त्यात नव्हता. नाना मात्र बाकावर खुशीत. "लोक बघून लोक येतेत, डॉक्टरसाहेब. तुमी उगं डोकं लावता."

मग तो दिवस उजाडला. चकलांब्याचा एक पेशंट तपासून बाहेर गेला आणि ओरडतच परत आला. "डॉक्टर, ही माझी चप्पल हाय! भाचीच्या लग्नात हरवलेली! पट्ट्याला मीच खिळा ठोकलाय." ओसरीवरचे पंधरा लोक माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर लग्नात जाऊन चपला उचलतो, ही बातमी गावभर व्हायला चहा प्यायचाही वेळ लागला नसता. नाना बाकावरून न उठता म्हणाले, "तुमचीच हाय. तुमी यावं म्हणून तर जपून ठिवलती. आलात की न्हाई?"

लोक हसले, तो माणूसही हसला आणि एक जोड पायात, एक हातात घेऊन गेला. मला मात्र हसू आलं नाही. ओसरी रिकामी झाल्यावर मी नानांवर भडकलो. "नाना, बस झालं. आता माझ्याकडं खरे पेशंट येतात. उद्यापासून हे पोतं नको आणि तुम्हीही बाकावर नको. पेशंटला जागा लागते."

नानांनी एकेक चप्पल गोळा केली. दारात थांबून एवढंच म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. दुकान चाललं की पायरीवरच्या उचलायच्याच असतेत."

मला ठाऊक होतं की या माणसाला जायला दुसरी जागा नाही. गयाबाई, म्हणजे नानांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक परळीत, तिच्या संसारात. गयाबाईंच्या हातच्या चहाला गल्ली लोटायची, त्या गेल्यापासून घराची पायरी कुणी चढत नव्हतं. हे सगळं ठाऊक असून मी बोललो. चार दिवस नाना दिसले नाहीत आणि मला दवाखान्यात चैन पडेना. बाक मोकळा दिसायचा, आणि कुणी शिंकलं तर उगीच कान टवकारले जायचे.

पाचव्या दिवशी माफी मागायला निघालो. लांबूनच नानांच्या दारात पाच-सहा जोड दिसले. घरात पाहुणे होते तर! मला बरं वाटलं. चारचौघांत कुठं माफी मागायची, म्हणून मागे फिरलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा चपला. म्हातारा मजेत आहे, मीच उगीच झुरतोय, असं म्हणून चिडलोसुद्धा. शेजारच्या रफिकभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "नाना के घर मेहमान हैं, डॉक्टरसाब. मैं भी दो बार जाके वापस आया."

तिसऱ्या खेपेला भर दुपारी मी थेट पायरीपर्यंत गेलो. चपला तशाच होत्या. बाईच्या चपलेला खेटून लेकराची सँडल. भिंतीला धरून म्हाताऱ्याचा जोड. एक जोड तिरका. सगळ्यांवर बोटभर धूळ.

नाना आत खाटेवर पडले होते. हात लावला तर अंग तापलेलं.

"पाहुणे कुठंयत?" मी विचारलं.

"आत्ताच गेले."

"चपला ठेवून?"

नानांनी भिंतीकडे तोंड केलं. तसेच म्हणाले, "रिकाम्या दारात कोण येतंय? म्हनून ठिवल्या. आठ दिस झाले, डॉक्टरसाहेब, एक माणूस आला न्हाई. दुकानात कधी चुकलं न्हाई माझं. हितंच कावून चुकलं?"

गर्दीचं दुकान बघून माणूस आत शिरतो, आणि गर्दीचं घर बघून 'नंतर येऊ' म्हणून परत जातो. उभा जन्म गादीवर काढलेल्या माणसाला एवढं कळलं नव्हतं. आणि परत जाणाऱ्यांत मी दोनदा होतो. पण हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. मी गोळी दिली, पाणी पाजलं आणि पायरीवरचा सगळा संसार पोत्यात भरून कोपऱ्यात ढकलला. दारात फक्त माझे काळे बूट ठेवले. गावात तसले बूट माझ्याशिवाय कुणाचे नव्हते.

पाच मिनिटं झाली असतील. रफिकभाई आले. "डॉक्टरसाब का बूट दिखा. नाना, तबियत खराब है क्या?" त्यांच्या मागे समोरची काकू आली, तिच्या मागे तिची सून. मग ती रांगेतली म्हातारी आली. "समदे शिरताना दिसले," म्हणाली आणि खाटेच्या पायथ्याशी ठाण मांडून बसली. काकूने नानांना न विचारता चुलीवर चहा टाकला. बघता बघता आणखी माणसं आली आणि घरात बसायला जागा उरली नाही.

मी निघालो तेव्हा नाना कोपरावर उठून दाराकडे बघत होते. ओठ हलत होते. मला खुणेने जवळ बोलावून हळूच म्हणाले, "अकरा जोड. पोत्यातले किती ठिवलेत तुमी?"

"एकही नाही, नाना."

त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे बघितलं, आणि पहिल्यापासून मोजायला लागले.