साडेतीन मिनिटांची फोडणी

परचुरेकाका फोडणीसुद्धा मायक्रोवेव्हमध्ये करतात. ती कशी करायची हे ते दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करून दाखवतात. कोणीही विचारलेलं नसताना.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. हॉलची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे पळून जायची सोय नाही. गेले आठ महिने मी काचेच्या भांड्यातलं तेल गोल गोल फिरताना बघतोय. आता आमटी म्हटलं तरी जांभई येते.

"गॅस म्हणजे जुनाट प्रकरण," काका सुरुवात करतात. "राखण करत उभं राहायचं. हे कसं, स्वतःहून थांबतं." हे शेवटचं वाक्य ते नातवाने पाढे म्हणून दाखवल्यासारखं कौतुकाने म्हणतात.

एकदा जोशीकाकू म्हणाल्या, "पण त्या फोडणीला खमंगपणा येत नाही हो."

"खमंगपणा आपापल्या घरी," काका म्हणाले.

प्रत्येक फोडणीला ते चमचा हातात धरून विचारतात, "किती मिनिटं?" आणि थांबतात. बराच वेळ थांबतात. कोणी "चार" म्हटलं की संपलं. "चार नाही, साडेतीन. अर्ध्या मिनिटात मोहरी जळते आणि नाव मायक्रोवेव्हचं खराब होतं." एकदा लवकर सुटावं म्हणून मीच पटकन "साडेतीन" म्हणालो, तर म्हणाले, "तुम्हाला विचारलं होतं का?" मग कोणाला विचारतात, देव जाणे. पहिल्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या असतात. कधीकधी त्या उत्तर देतात आणि मग कार्यक्रम पुढे सरकतो.

मागच्या महिन्यात मायक्रोवेव्हमुळे हॉलची वीज दोनदा गेली. कमिटीने ठरवलं, बास झालं हे. सांगायला अर्थातच मी. शनिवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. काकू देवाजवळ होत्या. काकांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. ओट्यावर शेगडीच नव्हती. भिंतीतून आलेल्या गॅसच्या नळीला बूच मारलेलं.

"दोनदा दूध उतू गेलं," मी बघतोय हे पाहून काका हळूच म्हणाले. "ते काय, चालायचंच. तिसऱ्यांदा हिने गॅस सोडला, लायटर शोधायला बाहेर गेली आणि विसरूनच गेली. मी भाजी घेऊन आलो तर घरभर वास."

"मग स्वयंपाक तुम्हीच करत जा ना."

"तीस वर्षं तिने मुलींना स्वयंपाक शिकवला. क्लास होता तिचा. तिला आता म्हणू, तू बाहेर बस?" ते ओटा पुसत राहिले. कोरडाच होता तो. "घरी मी विचारलं की गोंधळते, रडते. समोर चार माणसं बसलेली दिसली की तिला आठवतं. दरवेळी नाही. पण आठवतं."

कमिटीचा निरोप मी सांगितलाच नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. उठताना म्हणालो, "उद्या पाचला ना? आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतो."

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मी दारोदार जाऊन माणसं गोळा केली होती आणि तोंड बंद ठेवायला बजावलंही होतं. काकांनी तेलात मोहरी घातली.

"किती मिनिटं?"

काकूंनी सगळ्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली. मग मान ताठ करून, वर्गात सांगावं तशा स्पष्ट म्हणाल्या, "दोन."

जोशीकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. साडेतीन आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं.

"बरोबर," काका म्हणाले आणि त्यांनी दोन मिनिटं लावली.

मोहरी काही तडतडली नाही. आमटीत ती कच्चीच दाताखाली येत होती. जोशीकाकूंनी वाटी पुढे करून आणखी मागितली.